मॉनिटरची मधली सुट्टी

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जून संपता संपता उघडतात. तोवर ऊन उतरलेलं असतं, एखादा पाऊस पडून गेलेला असतो, आणि नागपुरातल्या बहुतेक शाळांमध्ये पहिल्या आठवड्यातच एक काम उरकलं जातं: मॉनिटर नेमणं. हजेरीपट तयार करायचा असतो, पुस्तकं वाटायची असतात, गणवेशाची मापं द्यायची असतात. त्या धांदलीत वर्गावर एकदा नजर फिरते आणि एक उंचसा मुलगा नि एक चुणचुणीत मुलगी उभी केली जाते. आवाज खणखणीत हवा, मार्क बरे हवेत, अक्षर नीट हवं. एवढ्यावर ठरतं. त्या दोघांच्या मैत्र्या, भांडणं आणि डबा खायची जागासुद्धा पुढचं वर्षभर या निवडीनं बदलणार आहे, हे त्या घाईत कोणाच्या मनात येत नाही.

मी नागपुरातल्या एका मराठी शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गांना शिकवते. मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकते. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम कोणत्याही मुलाला देऊ नये. मुलांना जबाबदारी द्यावी, भरपूर द्यावी, लहानपणापासून द्यावी. पण आमचा धाक त्यांच्या हातात देऊ नये, कारण त्याची किंमत ते मूल स्वतःच्या मैत्रीतून मोजतं.

शिक्षक ऑफिसात गेले की मॉनिटर खडू घेऊन उठतो. फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणारे’ असं लिहून खाली रेघ ओढतो. मग नावं, नावांपुढे फुल्या. शिक्षक परत आले की एकच गलका. “मॅडम, मी नाही बोलून राहिलो, हाच मुद्दाम नाव लिहून राहिला!” “खोटं नको बोलू बे, तू पट्टी मागून राहिला होता.” आता पट्टी मागणं हे बोलण्यात धरायचं का? मोठ्या माणसालाही चटकन ठरवता येणार नाही असा निवाडा अकरा वर्षांचं पोर करत असतं, आणि ज्याच्याबद्दल करायचा तो बहुतेकदा त्याच्याच बाकावरचा असतो. नावं खोडायचे भावही ठरलेले असतात. बोरकूट, चिंच, वासाचं खोडरबर, मैदानावर पहिली बॅटिंग. मुलं हे सगळं फार लवकर शिकतात. ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याच्या नावापुढच्या फुल्या वाढत जातात, आणि असं मूल वर्गात कोणत्या घरातून आलेलं असतं हे शिक्षकांना सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी आमच्याच मजल्यावर, दुसऱ्या तुकडीत, सहावीतली एक मुलगी मॉनिटर होती. तिला सांगितलं गेलं होतं, “मैत्रीण असली तरी नाव लिहायचं, नाहीतर तू कसली मॉनिटर?” तिनं ते मनावर घेतलं. पहिलीपासून एकाच ऑटोतून शाळेत येणाऱ्या मैत्रिणीचं नाव तिनं लिहिलं आणि ती मैत्रीण मधल्या सुट्टीपर्यंत वर्गाबाहेर उभी राहिली. दोघींची कट्टी झाली. मुलींच्या कट्ट्या दोन दिवसांत सुटतात, ही सुटली नाही. चार-पाच जणींचं जे रिंगण एकत्र डबा खायचं, त्यात तिला जागा उरली नाही. ती जवळ आली की मुली डबे झाकायच्या. ती पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर एकटी खायची, आणि घंटा व्हायच्या आधीच वर्गात जाऊन फळा पुसत उभी राहायची.

पालकसभेला तिची आई आली होती. मुलीचा बॅज लावलेला फोटो तिच्या फोनवर होता, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून झाला होता, आजोबांनी बक्षीस म्हणून पैसेही दिले होते. आई शिक्षकांशी बोलत असताना मुलगी माझ्याजवळ आली. “मॅडम, मला नाही राहायचं मॉनिटर. पण आईला नका सांगू.”

मला ते वाक्य अजूनही पाठ आहे. वर्गात कोणी जवळ करत नाही म्हणून तिला पद सोडायचं होतं, आणि घरी सगळ्यांना आनंद झालाय म्हणून सोडता येत नव्हतं. दोन्हीकडून अडकलेली ती मुलगी परिपाठाला मात्र सगळ्यात पुढे उभी राहून प्रतिज्ञा सांगायची, आणि पाहणाऱ्याला वाटायचं, केवढी धीट पोर आहे!

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला खटकते. मुलगा मॉनिटर झाला की रांगेच्या पुढे चालतो, मैदानावर शिट्टी वाजवतो. मुलगी मॉनिटर झाली की वह्या मोजते, गृहपाठ गोळा करते, वर्ग झाडून घेते आणि ‘समजूतदार’ म्हणवून घेते. एकाच बॅजचे हे दोन अर्थ आम्ही शिक्षकच ठरवून देतो, आणि मुलं ते न बोलता उचलतात.

वर्गात मोठ्या मुलानं धाकट्याला हाताशी धरायचं, ही रीत आपल्याकडे जुनी. गावोगावच्या पंतोजींच्या शाळेत पुढे गेलेला मुलगा मागच्यांना धुळाक्षरं गिरवून घ्यायचा. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासला एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. तिथं जवळच्या एका देशी शाळेत मुलं वाळूत अक्षरं काढताना त्यानं पाहिली आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. मोठी मुलं लहानांना शिकवू लागली. १७९७ मध्ये त्यानं याचा वृत्तांत लंडनमध्ये छापला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर या शिक्षकानं लंडनच्या सदर्क भागात शाळा काढली. शेकडो मुलं, शिक्षक एकच, आणि कामं वाटून घेतलेले मॉनिटर. ही पद्धत मग जगभर गेली. म्हणजे मॉनिटरचं मूळ काम शिकवण्याचं होतं. शेजाऱ्याला अक्षर येत नाही, मला येतं, मी त्याला दाखवतो, एवढं साधं. पण लँकेस्टरच्या शाळेत दुसरीही बाजू होती. चुकणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवणं, टोपलीत घालून छताला टांगणं, अशा लाजवणाऱ्या शिक्षा तिथं होत्या. दोनशेहून अधिक वर्षांच्या प्रवासात शिकवणारा मॉनिटर कुठंतरी मागं राहिला आणि आमच्या वर्गांत नावं लिहिणारा तेवढा पोचला. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण पहिली गोष्ट आपल्या मातीतली होती.

धाकानं वर्ग शांत बसतो, हे खरं. पण किती वेळ? कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत आयोवामध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले आणि त्यांच्यावर निरनिराळ्या स्वभावाचे मोठे नेते नेमून पाहिले. १९३९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. काही गटांत नेता नुसता हुकूम सोडायचा, काहींत मुलांशी बोलून काम ठरवायचा, काहींत सगळंच मुलांवर सोडून द्यायचा. हुकमी नेता खोलीबाहेर गेला की त्याच्या गटाचं काम बसायचं. बोलून ठरवणाऱ्याचा गट त्याच्या मागेही काम चालू ठेवायचा. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. हुकमी वातावरणात मुलं आपसात, गटातल्या एखाद्याच मुलाला धरून त्याच्यावर तुटून पडायची. वरून आलेला दाब मुलं वर परत पाठवू शकत नाहीत, ती तो शेजाऱ्यावर काढतात. माझ्या वर्गात ज्या वर्षी एखाद्या पोराला सगळ्यांनी मिळून ‘येडा’ ठरवलेलं असतं, त्या वर्षी मी आधी हे पाहते की या वर्गावर ओरडतंय कोण कोण.

मुलांची आपसातली नाती मोठ्यांना दिसत नाहीत. दिसतात असं वाटतं, तेवढंच. जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञांनी १९३४ मध्ये एक सोपी रीत मांडली: प्रत्येकाला विचारायचं, तुला कोणाजवळ बसायला आवडेल, आणि उत्तरांचे बाण कागदावर काढायचे. मी दिवाळीनंतर हे करते. प्रत्येकानं चिठ्ठीवर तीन नावं लिहायची, चिठ्ठी मलाच द्यायची, आणि त्यातलं एकही नाव वर्गात उच्चारायचं नाही, माझ्याकडूनसुद्धा. ‘कोण नको’ हे मी कधी विचारत नाही. घरी बसून बाण काढले की निराळाच वर्ग समोर येतो. मॉनिटरकडे जाणारे बाण मोजकेच असतात. ज्याच्याकडे सगळीकडून बाण धावतात तो कित्येकदा मार्कांत मधला असतो; चेंडू नालीत गेला की हात घालून काढून आणणारा, पडलेल्याला हसण्याआधी उचलणारा. आणि एक-दोन नावांकडे कोणाचाच बाण नसतो. ती मुलं त्रास देत नाहीत, तक्रार करत नाहीत, म्हणून माझ्याही लक्षात आलेली नसतात.

जॉन कोई, केनेथ डॉज हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये याचीच पुढची मांडणी केली. ज्याला वर्ग नाकारतो तो मुलगा आणि ज्याच्याकडे वर्गाचं लक्षच जात नाही तो मुलगा, हे दोघे वेगळे. आणखी एक गट त्यांनी धरला: ज्यांना बरेच जण पसंत करतात आणि बरेच जण नापसंतही करतात. हे वाचताना मला आमचे मॉनिटर, कॅप्टन, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारी पोरं डोळ्यांसमोर आली. त्यांच्याभोवती गर्दी असते. मनातलं बोलायला मात्र कोणी असेलच असं नाही. रुबाब असणं आणि आवडतं असणं, या दोन गोष्टी मुलांना पक्क्या वेगळ्या कळतात. गल्लत आम्ही मोठी माणसं करतो.

ज्यांना पुढारपण कोणी दिलेलं नाही अशी मुलं पाहायची असतील तर शाळेच्या फाटकापाशी सुटल्यावर उभं राहावं. ऑटोत दप्तरं बाहेर टांगलेली, आत दाटीवाटी. त्यात सातवी-आठवीतली एखादी मुलगी असते. बालवाडीतलं पोर मांडीवर, त्याची बाटली हातात, ‘काका, थांबा, अजून एक यायचाय’ हे तिनंच सांगायचं. तिला कोणी नेमलेलं नसतं. बाकीची तिचं ऐकतात, कारण ती रोज कोणाला तरी जागा करून देते.

किंवा तान्हा पोळा पाहावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे इतवारी-महालात मारबत-बडग्यांच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला गर्दी लोटते आणि वस्त्यावस्त्यांत पोरं लाकडी बैल सजवून निघतात. घरोघर जायचं, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागायचे. आमच्या वस्तीतल्या टोळीची म्होरकी गेल्या खेपेला एक पाचवीतली मुलगी होती. कुठल्या घरी आधी जायचं, कुठल्या आजींना ऐकू येत नाही म्हणून दार जोरात वाजवायचं, हे सगळं तिला ठाऊक. एका लहानग्याच्या बैलाचं चाक निखळलं, तो रडायला लागला, तर तिनं त्याचा बैल आपल्या बैलावर दोरीनं बांधला आणि टोळी पुढे गेली. वाटणीला बसल्यावर तिनं सगळ्यांना सारखं दिलं. मोठ्या बैलवाल्यांनी कुरकुर केली, तिनं ऐकून घेतलं आणि वाटणी तशीच ठेवली. ही मुलगी शाळेत कधी मॉनिटर होईल का? तिच्या आईशी बोलले तेव्हा कळलं, गणितात कमी आहे, वर्गात मागच्या बाकावर बसते.

म्हणून शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुका सुरू झाल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं, आजही वाटतं. चिठ्ठी टाकून किंवा मोबाइलवरच्या मतदान ॲपनं मुलं मतदान करतात, बोटाला शाई लावून घेतात. आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, सहलमंत्री अशी खाती असतात. निदान मुलांना विचारलं तर जातं. माझी मागणी एकच आहे: कोणाला किती मतं पडली हे जाहीर करू नका. निवडून आलेल्याचं नाव पुरे. अख्ख्या शाळेसमोर ज्याच्या नावापुढे दोन मतं वाचली जातात, आणि त्यातलं एक आपलंच हे त्याला माहीत असतं, ते मूल ती सकाळ विसरत नाही. मोठ्यांच्या निवडणुकीत आकडे सांगावेच लागतात. दहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात त्यांची गरज काय?

मुलांच्या हाती खरा अधिकार कसा द्यावा, याचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण पोलंडमधलं आहे. यानुश कोर्चाक हे मुलांचे डॉक्टर. वॉर्सात त्यांनी अनाथ मुलांचं घर चालवलं आणि तिथं मुलांचं न्यायालय होतं. ज्यांच्यावर त्या आठवड्यात तक्रार नाही अशांमधून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निघायचे, म्हणजे आज निवाडा देणारा उद्या समोर उभा असू शकतो. मोठ्यांवरही तक्रार करता यायची, आणि कोर्चाक स्वतः त्या मुलांपुढे उभे राहिले. नियमांची जी संहिता होती तिची पहिली नव्व्याण्णव कलमं माफीची होती. आमच्या फळ्यावरच्या कोपऱ्यात माफीला एकही कलम नाही.

मी माझ्या वर्गात काय करते ते सांगते. बॅज आहे, कारण शाळेचा नियम आहे. पण कामं सगळ्यांना, जोडीजोडीनं, आणि पंधरवड्यानं बदलणारी. जोड्या मी लावते, आणि तिथं दिवाळीनंतरचे बाण उपयोगी पडतात. बाटल्या भरणं, ग्रंथपेटी सांभाळणं, खिचडीच्या वेळी वाढायला मदत, ही कामं आहेतच. मुलांना सगळ्यात आवडतं ते काम गैरहजर मुलाच्या सोबत्याचं. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियानं पोरं आठ-आठ दिवस घरी असतात. त्याच्यासाठी वही उतरवून ठेवायची, जवळ राहत असेल तर जाऊन सांगायचं, आणि तो परत येईल त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसायचं.

एका वर्षी हे काम अशा मुलाकडे गेलं ज्याच्याकडे कोणाचाच बाण नव्हता. ज्याच्यासाठी त्यानं वही उतरवली तो वर्गातला दांडगा पोरगा, क्रिकेटवाला. ताप उतरून परत आला आणि पहिल्याच दिवशी त्यानं हाक मारली, “अबे, चल ना खेळायला, अक्षर भारी आहे बे तुझं.” त्यानंतर तो मुलगा मैदानावर दिसू लागला, बहुतेक वेळा गुण लिहायला, कधीमधी क्षेत्ररक्षणाला. जिवलग मित्र झाले असं नाही. त्याच वर्षी आणखी एक मुलगी होती, तिच्या बाबतीत कोणतीच जोडी जमली नाही; ती सातवीतही एकटीच राहिली आणि मग तिच्या वडिलांची बदली झाली. मला तिची आठवण येते. कामं वाटून सगळ्या मुलांना मैत्री मिळते असा माझा दावा नाही. पण कामामुळे एखाद्याची मैत्री तुटू नये, एवढं तर आमच्या हातात आहे.

यावर माझ्या एका सहकारी बाईंचा आक्षेप असतो, आणि तो रास्त आहे. “मोकळ्या तासाला वर्ग कोण सांभाळणार? पन्नास पोरं आहेत.” शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमानं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर कामं देता येत नाहीत, पण ही तीन कामंच एवढी आहेत की दोन-दोन वर्ग दुपारभर शिक्षकाविना असतात. त्याच कायद्याच्या १७व्या कलमानं शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही बंदी आहे. मग आम्ही काय करतो? मोठ्या माणसाची रिकामी खुर्ची अकरा वर्षांच्या पोराला देतो आणि त्याला खडू धरायला सांगतो. माणसं कमी पडतात हा मोठ्यांचा प्रश्न आहे. तो मुलांच्या गळ्यात घालायला आम्हाला कोणताही अधिकार नाही.

त्या बाई आणि मी मिळून मुख्याध्यापकांना लेखी दिलं आहे. मोकळ्या तासाला दोन वर्गांमधलं दार उघडं ठेवावं, शेजारच्या शिक्षकानं दोन्हीकडे पाहावं, ग्रंथपेटी वर्गात यावी, आणि फळ्यावर नावं लिहिणं शाळेभर बंद व्हावं. पहिल्या तिन्ही गोष्टींना होकार आला. चौथी पुढच्या शिक्षकसभेत ठेवू म्हणाले. सभेत विरोध होईल, काही पालकही नाराज होतील, हे आम्हाला माहीत आहे. बाईंचं अजून पूर्ण पटलेलं नाही, तरी त्यांनी सही केली आहे, आणि आमच्या मजल्यावरच्या दोन तुकड्यांत आम्ही सभेची वाट न पाहता सुरुवात केली आहे.